उंदरिणीचं घुंगरू

सोमवार, ३ तारीख

अंडी सात.

लेकीनं ही वही हातात दिली आणि म्हणाली, आई, रोज किती अंडी मिळाली तेवढं लिहून ठेवत जा. तेवढ्यासाठी एवढी जाड वही? मी तिसरीतनं शाळा सोडलेली बाई, पण हात एकदा चालू झाला की तोंडासारखाच थांबत नाही. तेव्हा लिहिते.

काल आले. जावई मालट्रक चालवतो, पंधरा-पंधरा दिवस त्याचं तोंड दिसत नाही, ती एक सोयच म्हणायची. लेकीची पावाच्या कारखान्यातली सकाळची पाळी पुन्हा सुरू झाली, म्हणून माझी आठवण झाली. पहाटे जाते, दुपारी तीनला येते, अंगाला भाजल्या पिठाचा वास. घर बैठं, तीन खोल्या, मागे अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात खुराडं. भिंतीला लाकडाचा ढीग. सगळं कसं हाताशी.

नात पाच महिन्यांची. तिचं नाव ठेवलंय हे एवढं लांब, मी ठकी म्हणते. पाळण्यावर कापडी चिमण्यांचं झुंबर टांगलंय. पाच चिमण्या, एकेकीच्या पोटाखाली पितळी घुंगरू. ठकीनं पाय झाडला की पाळणा हलतो, घुंगरं वाजतात, आणि ही बोळकं पसरून हसते. घुंगरू ऐकू आलं की हसायचं, एवढंच शिक्षण झालंय. माझ्यापेक्षा फार कमी नाही.

कोंबड्या नऊ. त्यातली एक तांबडी, तिला मी मामलेदारीण म्हणते. बाकीच्यांना टोचून आधी स्वतः जेवते, मग उपकार केल्यासारखी बाजूला होते. आणि एक काळी, खुडूक, अकरा अंड्यांवर बसलेली. हात नेला की फिसकारते. आमचं जमणार.

बुधवार, ५

अंडी सहा.

दाण्याच्या पोत्याला खालून भोक. पोतं उचललं तर अर्धा दाणा जमिनीवर आणि त्यात काळ्या लेंड्या. लेकीला विचारलं तर म्हणते, हो अगं, एखादा उंदीर असतो. एखादा! खुराड्यामागे पाच बिळं मोजली मी.

शेजारी एक म्हातारा गवंडी राहतो, आता कामं सोडलेला. कुंपणावर कोपरं टेकून जगाची देखरेख करतो. त्यानं न विचारता सल्ला दिला. दाणा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. संध्याकाळी भांड्यातला उरलेला दाणा उचला, एक कणी ठेवू नका. लाकडं हलवा. खुराडं विटांवर उचलून घ्या आणि तळाला बारीक जाळी ठोका, बोट जाणार नाही अशी. उंदीर काही तुमच्यावर रुसून येत नाही आजी, भूक लागते म्हणून येतो. भूक मारा, उंदीर जातो.

मला आजी म्हणतो! स्वतःचे सगळे दात गेलेत.

पण सल्ला बरा होता. डबा आणला. जाळी आणली. उद्या ठोकते म्हटलं.

शनिवार, ८

उद्या ठोकते म्हटलं, तिथंच चुकलं.

सकाळी दार उघडलं तर काळी अंड्यांवर बसलेली, तशीच. हात लावला तर फिसकारली नाही. पोटाखालनं कुरतडत गेले होते. ती उठली नाही. अंगाचा लचका निघाला तरी अंडी सोडली नाहीत मेलीनं. अंडं मात्र एकही नव्हतं. टरफलं, आणि एका टरफलात चोच फुटलेलं पिल्लू, अर्धं. परवा निघाली असती.

मी रडणाऱ्यातली नाही. नवरा गेला तेव्हाही आधी चुलीवरचं दूध उतरवलं होतं. काळीला लिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि उभी राहून सांगितलं, एकेकाला बघते.

मंगळवार, ११

अंडी पाच. उंदीर चार.

हे आकडे आता शेजारी शेजारीच लिहीन.

तीन पिंजरे आणले. पिंजऱ्यात उंदीर सापडला की पिंजऱ्यासकट बादलीत. वर हात ठेवायचा आणि शंभर मोजायचे. मला शंभरपर्यंत नीट येतात.

लेक म्हणते, आई, दाणा उचलून ठेव म्हणजे येणारच नाहीत. तिला हो म्हटलं. पण येणारच नाहीत तर मारू कुणाला? दाण्याचं भांडं मी बिळांच्या तोंडाशी सरकवलंय. वर शिळा पावही कुस्करते. जाळी अजून गुंडाळलेली आहे, खुराड्याला ठोकलेली नाही. येऊ देत. सगळे येऊ देत.

गवंड्यानं कुंपणावरून बघितलं. म्हणाला, आजी, तुम्ही उंदीर घालवताय की पाळताय? मी म्हटलं, तुमच्या घरचे जेवायला पाठवा, उपाशी जाणार नाहीत.

शुक्रवार, १४

अंडी सहा. उंदीर एकूण अकरा. अकराच अंडी होती काळीखाली. मला वाटलं होतं तेवढ्यावर मन भरेल. नाही भरलं.

आज लाकडाचा ढीग हलवला आणि खालचं बीळ फावड्यानं खणलं. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, मी अंगण पोखरून नऊ काढले. गुलाबी, डोळे मिटलेले, करंगळीएवढे. चिंध्यांच्या घरट्यात एकावर एक. चिंध्या आमच्याच, ठकीच्या जुन्या दुपट्याच्या.

ओंजळीत घेतले. गरम होते. कोंबड्यांसमोर टाकले.

कोंबडी काय सोडते? मामलेदारणीनं दोन उचलले, बाकी सातजणींनी एकेक. एवढासा आवाज झाला, चिमट्यात हवा अडकल्यासारखा, आणि संपलं.

मान वर केली तर भिंतीवर उंदरीण. भर दुपारी. डाव्या कानाला खाच, पोटाशी आचळं सुजलेली. पळाली नाही. मी फावडं उगारलं तरी नाही. कोंबड्यांकडे एकदा बघितलं, एकीकडून दुसरीकडे, सावकाश, मोजल्यासारखं. मग माझ्याकडे.

बघ म्हटलं. मीही असंच बघितलं होतं.

रविवार, १६

सापडली. खाच असलेली.

बादली भरली होती. मग वाटलं, शंभर मोजले की हिचं सुटलं. हिला का सुटू द्यायचं? माझी आजी सांगायची, एका उंदराच्या गळ्यात घुंगरू बांधून सोडलं की बाकीचे त्याला पिशाच्च समजून घर सोडतात. आणि ते बांधलेलं एकटं मरतं. स्वतःच्या आवाजाला भिऊन पळत पळत.

झुंबराच्या एका चिमणीचं घुंगरू कापलं. जावयाचा चामडी हातमोजा घातला, सांडशीनं तिला जाळीशी दाबलं, आणि तांब्याची तार मानेभोवती दोन वेढे. धडपडली नाही. हातमोज्यावरून तिचं काळीज लागत होतं, आणि डोळे माझ्यावर.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, यावर म्हणे उंदरांची सभा भरली होती. उंदराच्या गळ्यात बांधायला मला सभा लागली नाही. गवंड्याला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला, हे बरं नाही केलंत. मारायचं तर मारून टाकायचं असतं.

सोडली. छुन छुन छुन करत लाकडांत गेली.

शुक्रवार, २१

अंडी आठ! आठ कोंबड्या, आठ अंडी.

पाच दिवस एक लेंडी नाही. पिंजरे रिकामे. काल कुंपणाखालनं उंदरांची रांग जाताना गवंड्यानं स्वतः बघितली, भर उन्हात, सामान न घेता निघाल्यासारखी. मी म्हटलं, कसं काय गवंडी? तर म्हणतो, सगळे गेले का? मी म्हटलं, एक सोडून.

ती एक अजून वाजते अधूनमधून. कधी लाकडांत, कधी कुंपणाशी. मी चहा घेऊन बसते आणि ऐकते. गोड लागतो चहा.

सोमवार, २४

अंडी पाच.

पांढरी मेली. मी धुणं वाळत घालत होते, दहा पावलांवर. पाठ वळवली तेवढ्यात. मान एका जागी चावलेली, स्वच्छ. खाल्लं काहीच नाही. भांड्यातल्या दाण्यालाही तोंड लावलेलं नाही.

भूक नाही मग हिला.

दुपारी स्वयंपाकघरात घुंगरू वाजलं, भिंतीच्या आतनं वाजल्यासारखं. लेक म्हणाली, अगं, ठकीचं झुंबर ते. जाऊन बघितलं तर खरंच ठकी जागी, हसतेय, चिमण्या हलतायत.

मंगळवार, २५

दोन गेल्या. खुराड्याला कुलूप असताना. जाळी आज ठोकली. आज! वीस दिवसांनी.

आता दाणा पत्र्याच्या डब्यात. बिळं बुजवली. गवंड्यानं सांगितलेलं सगळं करते आहे. दाण्यासाठी येणाऱ्याला चालतं ते. ही दाण्यासाठी येत नाही.

बुधवार, २६

आणखी दोन. मानेवर तीच खूण. रोज फावडं घेऊन बसते. पाणी प्यायला उठले की वाजतं, परत येते तो झालेलं असतं.

ठकी झोपेत हसते. पाय हलत नाहीत तिचे. घुंगरू ऐकू येतं मला. चिमण्या हलत होत्या का ते बघायचं राहिलं. वय झालं माझं.

लेक म्हणते, आई, जाऊ दे, कोंबड्या परत आणू. तिला म्हटलं, प्रश्न कोंबड्यांचा नाही. मग कशाचा, म्हणाली. मी फावडं उचललं.

गुरुवार, २७

दोन. एक माझ्या मांडीवर होती. डोळा लागला माझा, बसल्या बसल्या, उन्हात. जाग आली ती ओल्यानं. लुगड्यावर रक्त. माझ्या अंगावर चढून आली होती ती. मला चावली नाही.

मला का नाही चावली—

शुक्रवार, २८

मामलेदारीण गेली. सकाळीच. हिनं दोन खाल्ले होते. हिला दोनदा चावलंय.

खुराडं रिकामं.

गवंड्याला बोलावलं. म्हटलं, घराची सगळी भोकं बुजवा, नळाचं, मोरीचं, सगळी. तिला घरात शिरू द्यायची नाही. बाहेर एकटी गाठते. गवंडी म्हणाला, आज नको. आधी भोकांपुढं पीठ भुरभुरवा. सकाळी पावलं बघा. बाहेर गेलेली दिसली की मग बुजवू. बुजवण्याआधी हे बघायचंच असतं आजी, नाहीतर—

मी ऐकलं नाही. आत्ताच्या आत्ता म्हटलं. सिमेंट कालवून दिलं मीच. तो बुजवत गेला, बडबडत गेला. शेवटचं भोक पाळण्याच्या खोलीतलं, कपाटामागचं. कपाट जड म्हणून बाहेरूनच बुजवलं.

आता कुठून येशील?

शनिवार, २९

लेक कामाला. ठकीला झोपवलं. खिडकी लावली, दार लावलं, दाराला कडी. झुंबर सकाळीच काढून बाहेर आणलं, त्याच्या वाजण्यानं माझे कान फसतात. इथं पायाशी ठेवलंय, दगडाखाली. आता जे घुंगरू वाजेल ते तिचंच.

खुराड्याच्या दारात बसलेय. फावडं मांडीवर. ऊन चढलं. काल दुपारपासून आवाज नाही. लाकडांत नाही, कुंपणाशी नाही.

गवंडी कुंपणाशी आला. विचारलं, आत की बाहेर, बघितलं होतं का? मी नाही म्हणून मान हलवली. तसाच पहार आणायला गेलाय. पहार कशाला?

मोजत बसलेय. पांढरी एक. मग दोन, तीन झाल्या. मग दोन, पाच. दोन, सात. मामलेदारीण आठ. काळी यात नाही, काळीनं पिल्लू खाल्लं नव्हतं, ती आधीच—

आठ. पिल्लं नऊ होती. मी ओंजळीत धरली होती, मला माहीत आहे, नऊ.

मामलेदारणीला दोन चावे. म्हणजे नऊ झाले. फिटलं मग. फिटलं ना?

पण टाकली कुणी— ओंजळ माझी होती. मला चावली नाही ती. तिलाही कुणी चावलं नव्हतं. तिला फक्त बघायला लावलं होतं—

ठकी उठली. हसतेय. घुंगरू वाजतंय, खेळतेय झुंबराशी, बरंय, रडली नाही. खेळू दे जरा, एवढं लिहून होईतो

झुंबर तर इथं माझ्या पायाशी—