अप्पांच्या पिशवीतली बाटली

१० फेब्रु., मंगळ.
हैद्राबादचा वाइनवाला थेट घरी आला. मागल्या साली आपल्या काळ्या द्राक्षांची केलेली पहिली बाटली, वर शाल-नारळ. नेमके सासरे ओसरीवर. "अप्पा, तुमच्या बागेचा रस!" मेल्याला कुणी सांगितलं होतं दारात यायला! अप्पांनी बाटली कपाळाला लावली.

अप्पांना सांगितलंय, द्राक्षं बेदाण्याला जातात. मीच बोलले तसं, ह्यांची छाती झाली नाही. निजामाच्या काळात आजेसासऱ्यांनी जहागीरदाराच्या बागेतून काड्या आणून आपल्या निर्णा गावच्या ह्या लाल मातीत लावल्या. बारकी, बियांची द्राक्षं, बाजारात कोण विचारतंय. वाइनवाला मात्र ह्या जुन्या वेलींसाठीच येतो. अन् अप्पांचं एकच, "बागेतून दारू निघाली तर बुडात कुऱ्हाड घालीन." दत्ताचा माणूस. घालतील पण.

११ फेब्रु.
वाइनवाल्यानं काल बागेत ह्यांच्यासाठी दुसरी बाटली फोडली होती, तळाची मी चाखली. आधी तुरट, मग जांभळासारखी, शेवटी मातीचा वास. चांगली लागली, खरं सांगते. मग चुळा भरत बसले.

दुपारी अप्पा, "उद्या गाणगापूरला जायलोय. पहिला घड देवाला." दरसालचंच ते. मग म्हणाले, "अन् ह्यो पहिला रस बी."

दत्ता, दत्ता!

"वाटेत नासंल हो अप्पा."
"बूच घट्ट हाय. तू कामून घाबरायलीस?"

ह्यांना म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणे, "तू बोललीस, तूच निस्तर." वा रे मर्दा.

१२ फेब्रु., गुरु.
पहाटे उठून बाटली बदलायला गेले, सरबताची ठेवावी म्हणून. अप्पा पिशवी उशाला घेऊन निजलेले. पहिल्या गाडीनं गेले.

पुजारी बूच काढणार, तीर्थ म्हणून लोकांच्या हातावर... पुढचं नकोच. फोन लावतेय, बंद. भाकरी करपली, तीच खाल्ली.

१३ फेब्रु.
अप्पा सकाळी आले. पिशवीत खोबरं, अंगारा. बाटली पण, बूच तसंच. हुश्श म्हणणार तेवढ्यात, "पुजाऱ्यानं बाटलीवरचा कागद वाचून दाखवला मला." एवढंच. पाय धुतले, पिशवी घेऊन परत बाहेर. जेवले नाहीत.

खुंटीवर कुऱ्हाड नाही!

संध्याकाळ.
हे हुमनाबादला गेलेले, फोन केला तर "येतो, येतो." शेवटी मीच बागेत पळाले. अप्पा सगळ्यात जुन्या वेलीपाशी बसलेले, एक हात बुडावर. वेल शाबूत.

"सकाळधरनं बसलोय. हात उठंना. बापानं लावलेली हाय."

मी पाय धरले.

"बेदाणे म्हणलीस."
"व्हय अप्पा."
"मला देवापुढं दारू घेऊन उभं केलीस."

रडायलाच आलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उठले, कुऱ्हाड माझ्या हातात दिली. "मग तूच घाल. उजाडलं की मी बघायला येतो. घातली नसलीस तर..." अन् घराकडं चालू लागले. बाटली तिथंच वेलीपाशी.

कुऱ्हाड आता स्वैपाकघरात दाराआड आहे. तिकडं बघवत नाही. हे अजून आले नाहीत.

आज त्या वेलीच्या पाण्याची पाळी होती. येताना पाणी देऊन आले.