नागपूर म्हणून चांदा

गुणा,
मी शाळेत मास्तराले भेटाले जाऊन राह्यलो. पोराईले मी नागपूर दाखवलंच नाई, चांदा फिरवून आणलं. जास्त सुटी भेटली नाई, अन् तुले सांगाची लाज वाटली. चांद्याच्या किल्ल्याच्या परकोटाचा दरवाजा पाहून देवा म्हणे, "बाबा, नागपूर केवढं मोठं!" मीबी हो म्हणून टाकलं.

काल त्यानं शाळेत नागपूरचा म्हणून त्या दरवाजाचं सांगतलं, तं तो चांद्याचा हाय म्हणून सारे हासले. म्हणूनच तो रडत आला. मी वच्छीले इचारलं, तुले ठाऊक होतं का? ती म्हणे, "टेसनावरची पाटी वाचली होती, बाबा. पण तुमी दोघंबी लई खुश होते."

मंग मले तिच्यासमोर जेवाले बसवलं नाई. मास्तराले सांगतो, पोरगं खोटं नाई बोललं, मीच बोललो. देवाले काई सांगू नको, आल्यावर मीच सांगतो.
— मुखरू