माझ्या वजनाचा बोर्ड

४ फेब्रुवारी, रविवार

परत वाळूवर! टॉवेल, लेकीच्या चपला, पाण्याची बाटली आणि मी — चौघेही एका रांगेत बसून समुद्राकडे बघत.

तिची आई आणि मी वेगळे झालो तेव्हा ठरलं होतं, रविवार माझा. सकाळी त्यांच्या दारातून लेकीला घ्यायचं, अंधार पडायच्या आत सोडायचं. बाकी आठवडा मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारची वाट बघतो. आणि रविवारी काय? गाडी थांबते न थांबते तोच ही बोर्ड काखोटीला मारून पाण्यात! लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन बसते, ठिपक्याएवढी दिसते. बाहेर येते ती दमूनच. खाते, गाडीत झोपते, घर आलं की ‘बाय बाबा’. संपला माझा रविवार.

मी तिला टिटवी म्हणतो. लहानपणी तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचाच नाही, म्हणून. आता चौदाची झाली आणि पट्टा बंद. सर्फिंगचं खूळ डोक्यात शिरल्यापासून तर पारच बंद. काय बिघडलंय कळत नाही. लिफ्ट असती तर झाकण उघडून बघितलं असतं.

हे असंच चाललं तर अजून वर्षभराने ती मला ओळखेल, पण बोलणार नाही. भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दातांच्या दवाखान्याची लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकली. आत एक बाई, गाल सुजलेला, त्यामुळे ओरडताही येईना बिचारीला. काढलं तिला. नंतर डबा खाताना कामावरच्या जोडीदारापाशी टिटवीचं गाऱ्हाणं गायलो. त्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, तेवढाच बारीक आहे.

तो म्हणाला, ‘मग तूही जा की पाण्यात.’

‘मी? पोटावर झोपून मग टुणकन उठायचं असतं त्यात. माझं पोट एकदा टेकलं की निघायला तयार नसतं.’

‘अरे, उभ्याचा बोर्ड असतो. हातात वल्हं. आधीपासून उभंच राहायचं, उठायची भानगडच नाही. लाटाही पकडतात त्यावर.’

उभं राहणं! एवढं तर मला येतं.

११ फेब्रुवारी, रविवार

किनाऱ्यावरच्या दुकानातून हवेचा बोर्ड भाड्याने घेतला. लांबलचक, गुबगुबीत. दुकानदार म्हणाला, ‘तुमच्यासारख्यांना हाच. हत्तीलाही तरंगवेल.’ हत्ती का म्हणाला तो? उंटही म्हणता आलं असतं.

खाडीच्या संथ पाण्यात खरंच उभा राहिलो! बायाबापड्या बघत होत्या, मला जरा शिष्टपणाच चढला. मग लाटांकडे वळलो. तिथे कळलं — बोर्ड मधे माझ्या वजनाने दबतो, पुढचं-मागचं टोक वर येतं. माझ्याखाली झोळीच झाली त्याची. पहिली पांढरी लाट आली, झोळी उलटी झाली, मी खाली, समुद्र वर.

टिटवी लांब पलीकडे, माझ्याकडे पाठ करून बसलेली. एकदा वळली. मी हात केला. हात करायच्या नादात पुन्हा पडलो.

बाहेर आल्यावर म्हणाली, ‘बाबा, लागलं का?’ दिवसभरात एवढंच. पण म्हणाली.

१२ फेब्रुवारी

पाठ! चपलेसाठी वाकलो आणि देव आठवला.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज लाटाच नाहीत. समुद्र आडवा पडलेला. टिटवीचं तोंड एवढंसं, मी मनातून खूश. तिला घेऊन बोर्ड बनवणाऱ्याच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. जिकडेतिकडे पांढरा भुसा, राळेचा नाकात जाणारा वास, आणि मास्क गळ्यात अडकवलेला एक कुरकुऱ्या माणूस. तो फोम तासत होता. बोलताना हात थांबवला नाही.

मी म्हटलं, हवेच्या बोर्डाने लाट का धरता येत नाही. तो म्हणाला, ‘तो पिकनिकला. लाटेला कडक बोर्ड लागतो, कडेने पाणी कापणारा. पण जड माणसाची पंचाईत असते. मोठा घेतला तर तरंगतो पण वळत नाही. लहान घेतला तर वळतो, पण बुडतो. बोर्डाचं आकारमान लिटरमधे मोजतात; जेवढे किलो त्याच्यावर चाळीस-पन्नास लिटर धरायचे, नवशिक्याला. रुंदी सढळ. नाक जाड, नाहीतर उतरताना लाटेत घुसतं. वजन किती तुमचं?’

टिटवी शेजारीच उभी. एका लहान बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

‘पंच्याण्णव,’ मी म्हणालो.

औषधांच्या दुकानातला काटा एकशे बावीस म्हणतो.

त्याने माझ्या पोटाकडे नाही, पायांकडे बघितलं. टिटवीने छताकडे. ‘ठीक,’ म्हणाला आणि खडूने फोमवरच आकडा लिहिला. रंग टिटवीने निवडला — निळा.

आता मी काही अगदीच गाढव नाही. लिफ्टमधे पाटी असते, ‘आठ माणसे’. त्याच लिफ्टमधे मी स्वतः कितीतरी जास्त बिडाची वजनं घालून चाचणी घेतलेली आहे. हूं की चूं करत नाही ती. पाटी नेहमी कमीच सांगते, वरचं सगळं पोटात राखून ठेवलेलं असतं. बोर्डाचंही तसंच असणार. म्हणजे मी खोटं बोललो नाही, मी पाटी सांगितली.

हे वाचायला तरी बरं वाटतंय.

२१ फेब्रुवारी

ताईचा फोन. ‘वय काय, वजन काय, आणि चाललंय काय तुझं! पोरगी कुठे पळून चालली आहे का?’

म्हटलं, चालली आहे ना. दर रविवारी, माझ्या डोळ्यांसमोर.

ताई म्हणाली, पोहताना कानात बोळे घाल.

१० मार्च, रविवार

निळा बोर्ड आला. काय देखणा आहे! टिटवीने हात फिरवला, ‘मस्तच झालाय,’ म्हणाली. मी हवेत.

कमरेएवढ्या पाण्यात चढलो. गुडघ्यांवर होतो तोवर सगळं ठीक. उभा राहिलो आणि बोर्ड सावकाश, अगदी अदबीने, खाली गेला. घोट्यापर्यंत पाणी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, हा माणूस नुसताच पाण्यावर उभा आहे. मग बोर्ड डावीकडे कलला आणि मी उजवीकडे. पुन्हा चढलो. पुन्हा तेच. वाळूवरच्या एका आजींनी टाळ्या वाजवल्या, देव त्यांचं भलं करो.

राखून ठेवलेलं काहीच नव्हतं त्याच्या पोटात!

टिटवी पलीकडून परत आली. खरंच आली, आपणहून! बोर्डाचं नाक धरून म्हणाली, ‘गुडघे वाकव. पायांकडे बघू नकोस, समोर बघ. अरे समोर, बाबा!’ लहानपणी मी सायकल धरायचो तिची, तसं धरलं होतं. पडायचं काही वाटेनासं झालं मला.

मधेच म्हणाली, ‘बाबा, तुला एक —’ तेवढ्यात लाट आली, मी गेलो. नाकातोंडातलं पाणी काढून विचारलं, काय गं? म्हणाली, ‘काही नाही. वल्हं उलटं धरलंयस.’

बघतो तर खरंच उलटं.

मग गेली ती पलीकडे. मी बाहेर येऊन बसलो. रडू आलं. चेहरा ओलाच होता, खपून गेलं.

१६ मार्च, शनिवार

बोर्ड घेऊन शेडमधे गेलो. म्हटलं, काहीतरी चुकलंय, बुडतो. त्याने बोर्ड आडवा घातला, वरून तळहात फिरवला, जिथे मी उभा राहतो तिथे थांबला. टाचांच्या जागी दोन खळगे पडलेले.

‘हे पंच्याण्णवचे खळगे नाहीत,’ म्हणाला.

सांगितला खरा आकडा. शिवाय लिफ्टची पाटी, चाचणीची वजनं, सगळं पुराण सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही, उलट चिडला. ‘लिफ्टला वरून दोर असतात. याला कोणी धरलंय वरून? मला तेव्हाच दिसत होतं, पण गिऱ्हाइकाला पोरीसमोर खोटं पाडायचं का? माझंही चुकलंच. काटा ठेवायला हवा इथे.’

मग कोपऱ्यातून एक बोर्ड ओढून काढला. आगीच्या बंबावरच्या एका धिप्पाड माणसासाठी केलेला, त्याची बदली झाली आणि तो न्यायला आलाच नाही. दहा फुटांच्या वर, रुंदी दाराएवढी, नाक बोथट, कडा जाड, एकशे ऐंशी लिटर. रंग शिळ्या लोण्यासारखा. निळा ठेवा नि हा घेऊन जा म्हणाला.

निळा तिथे ठेवताना जीव तुटला. तिने निवडलेला होता.

१७ मार्च, रविवार

गाडीत टिटवीला सांगून टाकलं, की मी वजन खोटं सांगितलं होतं.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘मग तिथेच बोलली का नाहीस?’

‘तुझं तोंड बघवलं नसतं मला.’

आणि खिडकीकडे वळली.

२४ मार्च, रविवार

उभा राहिलो! आणि उभाच राहिलो! हा बोर्ड म्हणजे ओटा आहे, ओटा. त्यावर संसार थाटावा.

पण ओटा घेऊन लाटा ओलांडायच्या कशा? पांढरं पाणी येतं आणि बोर्ड, मी, वल्हं सगळ्यांना गोळा करून किनाऱ्यावर आणून टाकतं. ती पलीकडे. मी अलीकडे. मधे एवढंसं पाणी.

३१ मार्च, रविवार

नाही जमलं. लिहावंसंही वाटत नाही.

३ एप्रिल

शेडवाल्याला फोन केला. म्हणाला, ‘लाटांच्या छातीवर कशाला जाता? खडकांच्या बाजूला बघा, तिथे लाटा फुटत नाहीत, आलेलं पाणी तिथूनच परत जातं. त्या वाटेने जा, पाणीच नेईल तुम्हाला. परत येताना मात्र ती वाट धरू नका.’

इतके दिवस का नाही सांगितलं? ‘विचारलंत कुठे!’

७ एप्रिल, रविवार

पोहोचलो!!

खडकांच्या कडेने गेलो. पाणी खरंच नेत होतं. एकाएकी आवाज मागे पडला. पुढे नुसतं हलणारं पाणी, आणि तिथे टिटवी, पाय सोडून बसलेली. माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होती.

‘बाबा?’

मी बोर्डावर बसलो. किती महिने मनात जुळवून ठेवलं होतं, तिथे गेल्यावर काय काय बोलायचं. आणि तोंडातून काय बाहेर पडावं? ‘शाळा कशी चाललीय?’

ती जी हसायला लागली! मीही. बोर्ड हलायला लागले. मग बोलत बसलो. कशाबद्दल, आठवतही नाही. तिच्या एका मैत्रिणीचं मांजर. तिला चष्मा लागणार आहे. नटबोल्ट शिडीवरून पडला ते. पट्टा सुरू झाला होता तिचा! मी फक्त हूं हूं करत होतो, न जाणो, काही बोललो तर थांबायची.

मग ती ओरडली, ‘बाबा, ही तुझी! उठ! वळ! मार वल्हं, मार, मार!’ मी मारलं. मागून कोणीतरी उचलावं तसा बोर्ड उचलला गेला. ‘पाय मागे घे!’ एक पाय मागे घेतला. नाक वरच राहिलं. आणि चाललो मी — एकशे बावीस किलो, उभाच्या उभा, थेट किनाऱ्यापर्यंत. ओरडत होतो म्हणे सगळी वाट.

टिटवीही पाठोपाठ आली. वाळूवर माझ्या कमरेला मिठी मारली, हात पुरत नाहीत तिचे. ओक्साबोक्शी रडत होती. बापाने लाट धरली म्हणून एवढं रडू! वेडी कुठली. मला काय सुचणार, मी तिच्या डोक्यावर थोपटत राहिलो.

आता काही नको मला. दर रविवारी तिथे जाऊन बसायचं, बस्स.

१० एप्रिल

नटबोल्टला लाटेची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. त्याने कानात बोळे घातले.

१३ एप्रिल, शनिवार

उद्या वारा जमिनीकडून आहे. लाटा नीट येतील.

१४ एप्रिल, रविवार

टिटवी खाली आली ती साध्या कपड्यांत. काखेत बोर्ड. म्हणाली, ‘बाबा, हा तुझ्याकडे राहील का? तिकडे समुद्र नाही.’

‘तिकडे कुठे?’ मी विचारलं.

आईला लांबच्या शहरात नोकरी लागली आहे, दोघी तिकडेच राहायला चालल्या. मी सांगते बाबाला, असं हिनेच आईला सांगितलं होतं. ‘दर रविवारी सांगायचं ठरवून यायचे,’ म्हणाली, ‘आणि तुझं तोंड बघितलं की पाण्यात निघून जायचे.’

राहील की, मी म्हणालो. बोर्ड गाडीवर बांधला. कधी निघणार, ते विचारलंच नाही.