दिव्याचा प्लग

प्रिय अण्णा,

सगळं आवरून आत्ता लिहायला बसलेय. आज तुझ्यावर इतकी चिडले होते, की समोर असतास तर कडाकडा भांडले असते!

सकाळी अप्पांच्या छातीत कळ आली. दाजी त्यांना गाडीत घालून कलबुर्गीला गेले, मी आईजवळ हुलसूरला थांबले. दवाखान्यात पोचताच दाजींचा फोन. "सुवर्णा, मागच्या खेपेला कोणत्या इंजेक्शननं अप्पांचा श्वास कोंडला व्हता? डॉक्टर इचारायलेत. ते कळल्याबिगर सुई द्यायला भ्यायलेत."

नाव कुणालाच आठवेना. मूळ कागद वाळवीनं खाल्लेला. पण तू सगळे रिपोर्ट स्कॅन करून घरच्या नेटवर्कवर ठेवले होतेस ना! मी कॉम्प्युटर लावला, तर तुझं ते सगळ्यांचं फोल्डर उघडेचना. तू गेल्यावर तिकडं फिरकलं होतं कोण?

राउटर बंद करून पुन्हा चालू केला. इंटरनेट आलं, फोल्डर नाही. पासवर्ड परत टाकला, वायर काढून फुंकर मारून लावली. अरे, घरभर एवढं जोडून ठेवलंस, कुणाला शिकवलंस का? विचारलं की हसायचास, "तुला कामून पायजे? मी हाय की!"

फोन पुन्हा वाजला. "काय करायलीस गं? अप्पा घामानं भिजायलेत!"

शेवटी राउटरची वायर हातानं चाचपत निघाले. ती थेट तुझ्या फोटोमागच्या कोनाड्यात गेली. तिथं फायली साठवायचा तुझा काळा डबा होता, एकही लाइट नसलेला. त्याचा प्लग काढून आईनं तुझ्या फोटोपुढचा विजेचा दिवा लावला होता. महिनाभर तुझा दिवा विझू द्यायचा नाही, असं तिनं मनाशी धरलंय, आणि तेलाचा दिवा पंख्यानं विझायचा. सॉकेट एकच.

माझा हात प्लगकडं जाताच आई ओरडली, "हात लावू नगंस! माझ्या लेकराचा दिवा हाय त्यो!"

"आई, अप्पांच्या औषधाचं नाव ह्या डब्यात हाय. अण्णानंच ठिवलंय."

तिनं एकदा तुझ्या फोटोकडं बघितलं. मला तेवढा वेळही सोसवेना रे! मग तिनं उठून पंखा बंद केला, तेलाची वात लावली आणि प्लग स्वतःच उपटला.

हिरवा लाइट लागायला किती उशीर लावतो तुझा डबा! शेवटी फोल्डर उघडलं, रिपोर्ट दाजींना गेला. तोवर आई ज्योतीला तळहाताचा आडोसा धरून घामाघूम बसलेली.

डॉक्टरांनी काढून ठेवलेलं इंजेक्शन नेमकं तेच होतं. त्यांनी दुसरं दिलं. अप्पा आता शांत झोपलेत म्हणे.

राग गेला नाही हं माझा. पण उद्याच कोनाड्यात दुसरं सॉकेट बसवून घेते, आणि कुठली वायर कुठं जाते ते आईलासुद्धा दाखवते. यापुढं घरात कुणाचं काही अडलं, तर 'मी हाय की' असं मी म्हणेन, अण्णा. शब्द देते.

तुझ्याशी भांडायची राहिलेली,
सुवर्णा