रूपीची चोळी, मांचा घुंगट

खापर, पश्चिम खानदेश
चैत्र, १९३८

प्रिय इंदर,

तुझं चित्र आणि तुझा लेख छापलेलं मासिक पौषातच आलं होतं. ‘वाचून अभिप्राय कळव,’ असं तू लिहिलं होतंस. आज कळवते. लेख मी दोनदा वाचला. एकदा खरं वाटेना म्हणून, आणि एकदा हसू आवरेना म्हणून. ‘कलावंताला कसलंच बंधन नसतं. सातपुड्याची मुक्त रानस्त्री हीच माझी प्रेरणा.’ वा रे वा! सातपुड्यात तू किती हिंडलास ते मला ठाऊक आहे. मोलगीच्या वाटेवर डासांनी फोडून काढलं म्हणून अर्ध्यातून परतलास, आणि मग प्रेरणा सापडली आपल्याच मागच्या अंगणात, लाकडाची मोळी टाकायला आलेल्या रूपीबाईत. मोठी बहीण म्हणून लिहिते आहे, आणि मुद्दाम मराठीत. आपल्या मारवाडीत तुझ्यावर रागवायला बसले की लहानपणीचा तू आठवतोस आणि राग निवतो. आज तो निवायला नको आहे.

गेल्या वर्षी होळीआधी तू तिला गोठ्यापुढे बसवलंस तेव्हा मी तिथेच पापड लाटत होते. चित्र काढणार म्हटल्यावर बिचारीने होळीसाठी शिवलेली नवी चोळी आधीच घातली, जावेची चांदीची साखळी मागून आणली. मासिकातली रूपी मात्र कमरेपर्यंत उघडी. डोळे तिचे, डोळ्यांच्या कडेचं गोंदणही तिचं, चोळी तेवढी तुझ्या स्वातंत्र्याने खाल्ली. बाबूजींना केवढा अभिमान! ते पान कापून त्यांनी दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलं. बाजारच्या दिवशी रूपी मीठ घ्यायला आली, तिने ते पाहिलं, आणि मागच्या दाराने माझ्याकडे येऊन एवढंच विचारलं, “तोंड मन्हं शे. आंग कोनं शे?” तोंड तिचं, तर अंग कोणाचं, याचं उत्तर तुला येत असेल तर दे. तिचा नवरा रायसिंग तिला काही बोलला नाही, पण बाजारातले बाप्ये तिला पाहून शिट्ट्या घालू लागले. आता ती डोक्यावर मोळी घेऊन थेट अक्कलकुव्यापर्यंत चालत जाते. खापरात पाय ठेवत नाही. पान काढा म्हणून मी बाबूजींना विनवलं, तर म्हणाले, “आ कला है. थूं कांई समझे?”

खरंच, मला काय समजणार! मी नवरा गेल्यावर माहेरी येऊन पडलेली बाई. पण त्याच मुक्कामात तू मांचं चित्र काढलंस, तेही मी पाहिलं आहे. बाबूजी दारात उभे राहून एकच शब्द बोलले, ‘घुंगट’. तू मुकाट्याने छातीपर्यंत ओढणी रंगवलीस. ते दुकानात गेल्यावर मांने आपल्या हाताने घुंगट वर केला आणि म्हणाली, “म्हारो मूंडो मांड नी, बेटा.” माझा चेहरा काढ, एवढंच मागणं; या घरात आल्यापासून तिने स्वतःसाठी कोणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. तू दाराकडे पाहिलंस. “बाबूजी रागावतील,” म्हणालास, आणि ओढणीची जरीची किनार रंगवायला लागलास. मांने घुंगट पुन्हा खाली घेतला. तुझी किनार पुरी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. अरे, नुसती जरीच काढायची होती तर ओढणी खुंटीला टांगून काढायचीस. मोळीवालीची चोळी उतरवताना तुझं स्वातंत्र्य केवढं शूर होतं! बापासमोर आईचा घुंगट बोटभर वर करायचा, तेवढंही ते पुरलं नाही.

मां माघात गेली. तू आलास, मोठ्याने रडलास, आणि प्रदर्शन आहे म्हणून बाराव्याच्या आत निघून गेलास. मागे काय चाललं आहे ते तुला माहीत नाही. बाबूजी दुकान बंद करून मांच्या त्या चित्रापुढे बसतात. परवा मला हाक मारून म्हणाले, “कंचन, इणमें थारी मां कठै है?” यात मां कुठे आहे, हे ते मला विचारत होते! बराच वेळ ते ओढणीकडे बघत होते. मग म्हणाले, इंदरला लिही, येऊन पुन्हा काढ म्हणावं, तोंड उघडं ठेवून. मी उठले, दुकानातली काच फोडून रूपीचं पान चुलीत घातलं. त्यांनी अडवलं नाही.

तेव्हा हे पत्र त्यांच्या हुकमाने लिहिलं आहे. तुला परवानगी मिळाली, इंदर! आता मांचा चेहरा खुशाल काढ. फक्त निघण्याआधी मला एवढं उलटटपाली कळव. मां लहानपणी चुलीवर पडली होती, तिच्या भुवईत चट्टा राहिला होता, तो उजव्या की डाव्या? आणि ती हसायची तेव्हा आधी तिचे ओठ हलायचे की डोळे? आठवत असेल तर मिळेल त्या गाडीने ये, मी रंग घोटून देईन. आठवत नसेल तर मुंबईतच राहा. मनाने काढलेली एक बाई मी नुकतीच भिंतीवरून उतरवली आहे. माझ्या मांच्या नावाने दुसरी टांगू देणार नाही.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
कंचन