सतरा नंबरची आई

सोल, १० ऑक्टोबर २०२३

ती. आईस,
हेरिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओळी जरा उताराला लागल्यात, पण अक्षर एकही चुकलेलं नाही. बहात्तराव्या वर्षी अक्षर-वर्गाला जाऊन वर लेकीला बजावणारी, की फोन करू नकोस, पत्र पाठव, माझा वाचनाचा अभ्यास होतो, अशी आपल्या नामहे बेटावर तू एकटीच असशील.

आता खरं सांगते. चुसॉकच्या सणाला आले तेव्हा कंपनीने मोठी सुट्टी दिली असं मी म्हणाले, ते खोटं होतं. मार्चपासून मला काम नाही. त्रेचाळीस अर्ज केले. तू गावात सांगतेस की मुलगी कंप्युटरवर चित्रं काढते. चित्रं नाहीत गं. फोनवर माणूस कुठे अडतो, कुठे बोट चुकतं, कुठे घाबरतो ते बघायचं आणि त्याला न घाबरता पुढे जाता येईल अशी प्रत्येक स्क्रीन आखायची, हे माझं काम. अकरा वर्षं मी तेच केलं. पण या धंद्यात सदतिसावं वर्ष म्हणजे म्हातारपण. टीमचा प्रमुख असतो तिशीचा. आपल्याहून मोठ्या बाईला चूक कशी दाखवायची, या संकोचापायी तो मला घेतच नाही. तोंडावर मात्र फार आदराने बोलतो.

आता एकच आशा उरली आहे. सोलजवळच्या पांग्योची एक कंपनी दवाखान्यात नंबर लावायचं ॲप करते आहे. त्यांच्याकडे अर्जावर नाव, वय, फोटो, आईबाप काही लिहायचं नसतं. मी नुसती सतरा नंबर. सगळ्यांना एकच काम घरी करायला दिलंय आणि नुसतं काम बघूनच निवड होणार. इथेही नाही जमलं तर हा धंदा सोडायचा, असं मी ठरवलंय.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. पण तू करणारच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
हेरिन

नामहे, १६ ऑक्टोबर

चि. हेरिन हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचायला अख्खी सकाळ गेली. तुझं खोटं मला चुसॉकलाच कळलं होतं. सुट्टीवर आलेली मुलगी दुपारभर भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. मी विचारलं नाही, एवढंच.

जेवतेस का? सुकी मांदेली पाठवते आहे, डोकी काढून ठेवलीत. रस्सा कर. नुसता भात गिळू नकोस.

मला एक कळत नाही. नंबर कसला? इथे बाजारात लसणाच्या जुडीवरसुद्धा कुठल्या गावचा ते लिहितात, आणि माणसाला ना गाव ना आईबाप? नंबर तुरुंगात असतात. तू कुणाची कोण हे त्यांना कळायला नको? वर्गातली बोंगनाम म्हणते, शहरात ओळखीशिवाय पान हलत नाही. तिला काय सांगू, माझी शहरात ओळख तूच.

आमच्या वर्गाच्या बाईंनी पाकिटावर पत्ता लिहायचा अभ्यास दिलाय. तुझ्या त्या कंपनीचा पत्ता पाठव, आणि तिथल्या मुख्य माणसाचं नावही. पत्ता लांबलचक असला की बाई खूश होतात.

जीव टाकून काम कर, पण जीव सांभाळून.
तुझी आई,
चोमरे

सोल, २० ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न.

मांदेली मिळाली. तीन दिवस रस्सा खाल्ला. घरभर तुझ्या अंगणाचा वास आहे.

काम आखण्याआधी चार दुपारी मी इथल्या वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात जाऊन बसले. आजीआजोबांच्या हातात फोन दिला आणि गप्प राहिले. म्हाताऱ्या माणसाचं बोट बटणावर रेंगाळतं. फोनला वाटतं याला दुसरंच काही हवंय, आणि समोरचं सगळं बदलून जातं. मग त्यांना वाटतं आपण फोन मोडला. एक आजी तर माझी माफी मागून हात मांडीखाली घालून बसल्या. मी घरी येऊन सगळं पुसलं आणि पहिल्यापासून आखलं. बोट कितीही रेंगाळू दे, स्क्रीन जागची हलणार नाही. एका वेळी एकच प्रश्न. चुकलं तरी लाल अक्षरात ओरडा नाही. आई, इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही, हे मी तुलाच सांगू शकते.

पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलाय, भरपूर लांब आहे. टीमच्या प्रमुख प्यो हाजिन नावाच्या बाई आहेत. गुण किती पडले ते कळव.

निकाल सात नोव्हेंबरला. तोवर मला फक्त चांगलं चांगलं लिही.
तुझी,
हेरिन

सोल, ८ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न.

नाही झालं. कारण दिलेलं नाही. या वेळी निवड होऊ शकली नाही, असं दोन ओळींत कळवलंय.

तू म्हणशील, जाऊ दे, दुसरीकडे बघ. पण तुला कसं सांगू? इतके दिवस दर नकारानंतर मी वयाच्या नावाने रडायचे. ती सोय आता राहिली नाही. त्यांना माझं वय ठाऊक नव्हतं, नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी माझं काम बघितलं, फक्त काम, आणि नको म्हणाले. म्हणजे कामच वाईट होतं. आणि मला ते इतकं चांगलं वाटलं होतं, याचीच जास्त लाज वाटते. अकरा वर्षं मला कुणी हे का सांगितलं नाही?

कालपासून मी कंप्युटर उघडलेला नाही. शहराबाहेर मालाच्या गोदामात पहाटे खोकी भरायचं काम मिळतंय, एक डिसेंबरपासून. त्यांचा करार घरी आणलाय, सही करून पाठवायचा आहे. तिथे वय विचारत नाहीत, पाठ दुखते का एवढंच विचारतात. मला काही सुचत नाही गं. सगळं संपल्यासारखं वाटतंय.

बोंगनाम मावशींना यातलं काही सांगू नकोस.
तुझी,
हेरिन

नामहे, १५ नोव्हेंबर

चि. हेरिन,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं. बाईंना दाखवलेलं नाही. चुका असतील.

पत्ता लिहायचा अभ्यास बाईंनी दिलाच नव्हता. मीच मागितला. मोठ्या मांदेलीची एक पेटी निवडून भरली आणि प्यो बाईंच्या नावाने पाठवली. पेटीवर चिठ्ठी चिकटवली. सतरा नंबर ही माझी मुलगी हेरिन, लहानपणापासून कष्टाळू आहे, तिच्यावर लक्ष असू द्या. एवढंच लिहिलं. परक्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही लिहिलं, म्हणून फुशारून गेले होते.

गेल्या आठवड्यात पेटी परत आली, न फोडलेली. सोबत त्या बाईंच्या हातचं पत्र. दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर मला वाचता आलं नसतं, आणि बरं झालं असतं. त्या लिहितात, उमेदवाराच्या घरून वस्तू किंवा शब्द आला की तो नंबर यादीतून काढायचा असा नियम आहे, आणि चिठ्ठी लपवणं त्यांना जमलं नाही. पुढे लिहितात, सतरा नंबरचं काम पाचही परीक्षकांच्या यादीत पहिलं होतं. कुणाचं दुमत नव्हतं.

पहिलं होतं, पोरी. तुझं काम वाईट नव्हतं. वाईट मी केलं.

गप्प बसावं असं एक रात्रभर वाटलं. तुला कधी कळलं नसतं, आणि मी तुझी भोळी आई राहिले असते. पण मग तू स्वतःला नालायक समजून जन्मभर खोकी भरली असतीस. प्यो बाईंचं पत्र सोबत ठेवलंय. ते जपून ठेव, माझं फाडलंस तरी चालेल. वर्गात आठवडाभर गेलेले नाही.

माफ कर म्हणायला तोंड नाही.
आई

सोल, २० नोव्हेंबर

ती. आईस,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले, कारण दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर रागावलेली होते. अजूनही आहे. सतत दार आपटावंसं वाटतं, पण माझ्या खोलीला दारच एक, आणि त्यापलीकडे जिना. तू माझं काम घालवलंस, आई. हे मी पुसून लिहिणार नाही.

पण प्यो बाईंचं पत्र मी भिंतीवर लावलंय. त्यातली एक ओळ सकाळी उठल्यावर वाचते, आणि झोपताना पुन्हा. नऊ महिन्यांत मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. तू गप्प बसली असतीस तर ती ओळ माझ्यापर्यंत आलीच नसती. तुला ते किती जड गेलं असेल ते तुझ्या अक्षरावरून कळतं. कागद तीन ठिकाणी फाटलाय.

गोदामाच्या करारावर सही केलेली नाही. काल रात्री कंप्युटर उघडला. तेच काम पुन्हा नीट मांडलं आणि आज सकाळी आणखी एका ठिकाणी पाठवलं. होईल की नाही ठाऊक नाही. भीती वाटते. पण पाठवलं.

तू सोमवारपासून वर्गाला जा. आठवडाभराचा बुडलेला अभ्यास करून मला पाठव, मी तपासणार आहे. रागावलेली असले तरी मुलगी तुझीच आहे, तेव्हा लिहीत राहा.

कंपनीचं नाव मात्र या वेळी तुला सांगणार नाही.

तुझी,
हेरिन