माझ्या आवाजाचं लायसन्स

३ मार्च
विम्याच्या ऑफिसात फायली चाळत म्हातारं व्हायचं नाही, ठरलं. आवाजाच्या क्षेत्रात पूर्णवेळ उतरायचं. गादी बनवणाऱ्या कंपनीच्या बाईंचा फोन होता, जाहिरातीसाठी भारदस्त आवाज हवाय. माझ्याशिवाय आहे कोण? गेल्या वर्षी टोकन मशीनच्या कंपनीसाठी मी बोललेली वाक्यं आता बँका, दवाखाने, हेल्पलाइन, सगळीकडे वाजतात. 'कृपया प्रतीक्षा करा' असं माझ्यासारखं कुणीही म्हणत नाही. बायको म्हणाली, खरंय, तुमचं ऐकलं की माणसाला उठून घरीच जावंसं वाटतं. कौतुक करायची तिची पद्धत वेगळी आहे.

५ मार्च, दुपार
बँकेत. छतातून माझा आवाज: 'आपला नंबर लवकरच येईल.' शेजारच्या आजी वर बघून म्हणाल्या, मेल्या, सकाळपासून हेच सांगतोयस. तो मेला मीच, हे सांगणार होतो. मग म्हटलं, कलावंतानं गर्दीत ओळख देऊ नये.

६ मार्च
गादीवाल्या बाईंनी विचारलं, तुमचा आवाज मोकळा आहे ना? म्हटलं, घसा एकदम साफ. तसं नाही, म्हणाल्या, कुणाला लायसन्स दिलंय का? म्हटलं, माझ्याकडे फक्त गाडीचं आहे. त्या हसल्या नाहीत. विनोदबुद्धी कमी असावी.

७ मार्च
मेहुणा वकील आहे. टोकनवाल्यांचा करार त्याच्यापुढे टाकला. त्यानं विचारलं, भावजी, सही करण्याआधी वाचला होता का? म्हटलं, माणसावर विश्वास ठेवणं हा माझा स्वभाव. (त्या दिवशी मॅच होती.)

मग त्यानं समजावलं. लायसन्स म्हणजे विक्री नाही, परवानगी. शेजाऱ्याला शिडी वापरायला दिली तर शिडी आपलीच राहते. फक्त तो तिच्यावर चढला की आपण चोर चोर म्हणून ओरडायचं नाही. मी टाळी वाजवली. म्हणजे मालक मीच! हो, म्हणाला, पण तुमचं लायसन्स एक्सक्लुझिव्ह आहे. शिडी तुमची, पण आता तुम्हीसुद्धा चढायचं नाही. वर ती तुम्हाला परत मागता येत नाही. त्यांना मात्र नको झाली की कधीही परत करता येते.

बायकोनं काळजीनं विचारलं, घरात बोललेलं चालतं का यांना? मेहुणा म्हणाला, धंद्यासाठी नसेल तर चालतं. ती म्हणाली, अरेरे.

९ मार्च, सकाळ
सौम्यपणा पुरे. कंपनीला फोनवर झापायचं. लावला. उचलला मीच. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं मी मला सांगितलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा. इतका निगरगट्ट माणूस मी पाहिलेला नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी मला सोडेना. शेवटी ओरडलो, गप्प बस मूर्खा! मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, बाबा, कुणाशी बोलताय? मुलांना सगळंच सांगता येत नाही.

१० मार्च
मेहुण्याला म्हटलं, नोटीस पाठव. म्हणाला, आपली बाजू लंगडी आहे. म्हटलं, पाठव तू. बायकोनं सांगितलं तेव्हा पाठवली.

१२ मार्च
कायद्यात पळवाट सापडली, आणि वकिलाला नाही, मला! लायसन्स या आवाजाचं आहे. दुसरा काढला तर? बाथरूममध्ये खर्जाचा रियाज सुरू. खालच्या मजल्यावरच्यांनी प्लंबर पाठवला, पाइप घुमतोय म्हणून. म्हणजे आवाज पोचतोय.

१४ मार्च
घसा पूर्ण बसला. दवाखान्यात गेलो. तोंडातून हवा सोडून काही निघेना. 'पुढच्या पेशंटनं आत यावं,' मी छतातून म्हणालो, आणि मी आत गेलो. डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितलं. बायकोनं विचारलं, आठवडा पुरेल ना डॉक्टर, घाई नाही आम्हाला.

२१ मार्च
विजय!! कंपनीचा ईमेल आला. लायसन्स संपुष्टात आणत आहोत, आवाजाचे सर्व हक्क आता केवळ आपले. बघा, नोटिशीचा दणका. मेहुण्यानं खालची ओळ वाचून दाखवली: ग्राहकांच्या वाढत्या तक्रारींमुळे आवाज बदलण्याचा निर्णय आधीच झाला होता. हरल्यावर असंच लिहितात.
घसाही मोकळा झाला. पहिला शब्द 'चहा'. सुंदर निघाला.

२२ मार्च
गादीवाल्या बाईंना कळवलं, मी मोकळा. त्या म्हणाल्या, जाहिरातीत आता बोलणंच ठेवलं नाही. गादी दाखवतोय नुसती, जास्त छान वाटतंय.

२५ मार्च
बँकेत काम नव्हतं. गेलो. छतातून कुणी बाई बोलत होत्या. लोक निमूट बसले होते. कुणी वर बघेना.
मेहुण्याला सहज विचारलं, कंपनीला माझा आवाज वापरायला भाग पाडता येईल का? त्यानं हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, भावजी, परवानगी आपण देऊ शकतो. गरज नाही देऊ शकत.

२६ मार्च
घरात कुणी नसताना हेल्पलाइन लावली. त्याच बाई. 'कृपया प्रतीक्षा करा.' 'कृपया'वर जरा थांबतात. मला कधी सुचलं नाही. ऐकत राहिलो. मग एकदम खराखुरा माणूस आला, काय मदत हवी म्हणाला. मी म्हटलं, काही नाही.
तो म्हणाला, जरा मोठ्यानं बोला साहेब, तुमचा आवाज येत नाहीये.